खाज एकाची, सल्ले गावाचे

1660 साली सॅम्युएल हाफेनरेफर नावाच्या एका जर्मन वैद्यानं खाजेची व्याख्या करून ठेवली. जिच्यामुळे खाजवावंसं वाटतं अशी नकोशी संवेदना, म्हणजे खाज. साडेतीनशे वर्षं उलटली तरी त्वचारोगाच्या पुस्तकांत अजून हीच व्याख्या छापतात. मला ती अपुरी वाटते. हाफेनरेफरसाहेब कधी डोंबिवलीला आले नव्हते, हे उघड आहे. आले असते तर त्यांनी पुढे लिहिलं असतं की, ज्याला ती सुटते त्याला खाजवावंसं वाटतं आणि बाकीच्या सगळ्यांना सल्ला द्यावासा वाटतो.

इतर दुखण्यांत माणसं थोडा तरी संकोच करतात. छातीत दुखतंय म्हटलं की "आधी डॉक्टरांना दाखव" म्हणून मोकळी होतात. डोळ्याचं काही असलं तर लांबूनच बघतात. पण दंडावर एक लाल गांधी उठू द्या आणि चारचौघांत ती एकदा खाजवा. रिक्षाच्या रांगेत पुढे उभा असलेला अनोळखी माणूससुद्धा मान वळवून सांगतो, "चुना लावा." तंबाखूची पुडी त्याच्याच खिशात असल्यामुळे औषधही जागेवर मिळतं.

आमच्या घरी प्रत्येकाचा उपाय ठरलेला आहे आणि तो कोणी बदलत नाही. आईचा भर आमसुलावर. वाटीभर पाण्यात आमसुलं कोळून ते पाणी अंगाला फासायचं. डास चावला हे निदान तिला मान्यच नाही. तिच्या मते डास हे निमित्त, खरं कारण पित्त किंवा उष्णता. "दोन दिवस आंबे खाल्लेस ना?" हा प्रश्न ती मे महिन्यात विचारते, आणि ऑगस्टमध्ये विचारते, "रात्री जागलास ना?" थोडक्यात, डास निर्दोष सुटतो. सासूबाई कांद्याची चकती चोळतात. त्यामुळे खाज जाते की नाही ते सांगता येत नाही, पण माणसं जवळ येत नाहीत. समोरचे नेनेकाका कैलास जीवनवाले. भाजलं, चिरलं, सोललं, खाजलं, सगळ्याला तीच एक डबी. चिरंजीव मोबाइलवर बघून टूथपेस्ट लावतात. आणि ज्यांच्याकडे यातलं काहीच नसतं ते सांगतात, "थुंकी लाव." डासानं त्याची थुंकी आतून टोचली, म्हणून आपण आपली वरून लावायची.

या सगळ्यांचा एकमेकांवर अजिबात विश्वास नाही. स्वतःच्या उपायावर मात्र तो अढळ आहे, आणि त्याला कारणही तसंच आहे. साध्या डासाच्या चाव्याची खाज काही तासांत, फार तर दोन-चार दिवसांत आपोआप ओसरते. त्यामुळे ज्याचा उपाय सगळ्यांत शेवटी लावला, त्याला गुण आला असं ठरतं. सोमवारी आमसूल, मंगळवारी कांदा, बुधवारी कैलास जीवन, आणि गुरुवारी नेनेकाका विजयी मुद्रेनं जिन्यात भेटतात. मुळात यातल्या बऱ्याच उपायांत जो काही तात्पुरता गुण असतो तो गारव्याचा. आमसुलाचं पाणी गार, कोरफडीचा गर गार, टूथपेस्टमधला मेंथॉल पहिली पाच मिनिटं गार आणि मग चुरचुरणारा. चुन्यानं तर नाजूक कातडी सरळ भाजते. साबणानं जागा धुऊन त्यावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरला तर तेच काम होतं. पण बर्फात सांगणाऱ्याला काही मोठेपणा नाही. "आमच्या आजोबांचा बर्फ" असं काही म्हणता येत नाही.

औषधाच्या आधी अर्थातच तपास असतो. "काय चावलं?" हा प्रश्न घरातला प्रत्येक जण वेगळा विचारतो आणि प्रत्येकाला गांधी जवळून बघायची असते. मग चष्मा शोधला जातो. डास, चिलट, मुंगी, मुंगळा, पिसू, कोळी अशी नावं पुढे येतात. कोळ्याचं नाव हमखास येतं आणि त्याला चावताना कोणी पाहिलेलं नसतं. एक नाव मात्र कोणी उच्चारत नाही. ढेकूण.

ढेकूण आमच्याकडे कधीच नसतात. ते नेहमी एस.टी.तून, लॉजमधून किंवा पाहुण्यांच्या बॅगेतून येतात, आणि पाहुण्यांच्या मते ते आमच्याकडून गेलेले असतात. पूर्वी चाळीत असला आडपडदा नव्हता. मे महिन्यात लोखंडी पलंग गॅलरीत निघायचे, सांध्यांमध्ये उकळतं पाणी ओतलं जायचं, वरून रॉकेलचा बोळा फिरायचा आणि शेजारीण पदर खोचून मदतीला यायची. फ्लॅट आले आणि ढेकूण ही खासगी बाब झाली. 2023 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मात्र पॅरिसमध्ये ढेकणांवरून एवढा गहजब झाला की मेट्रोच्या सीटवर बसायलाही माणसं कचरू लागली. फॅशन सप्ताह चालू, ऑलिंपिक वर्षभरावर आलेलं, आणि सरकार ढेकणांवर बैठका घेतंय. गिरगावात वाढलेल्या माझ्या एका मित्राला त्या बातम्या वाचून फार बरं वाटलं. "आमच्याकडे हे 1970 मध्येच होतं," असं तो अभिमानानं सांगत होता.

ढेकूण ओळखायची एक ढोबळ खूण आहे. डास कुठेही, कसाही चावतो. ढेकणाचे चावे बरेचदा ओळीनं तीन-चार असतात आणि झोपेत उघड्या राहिलेल्या भागावर असतात. गादी नुसती उन्हात टाकून फारसं काही साधत नाही, कारण ढेकूण पलंगाच्या सांध्यांत आणि भिंतीच्या भेगांत सुखरूप बसलेला असतो. तो उपाशी कित्येक महिने काढू शकतो. चादरी-अभ्रे कढत पाण्यात धुवायचे आणि पलंगाची फट न् फट बघायची. आणि घरातल्या सगळ्यांनाच रात्री जास्त खाज सुटत असेल, बोटांच्या बेचक्यांत बारीक पुरळ असेल, तर बिचाऱ्या ढेकणाचाही दोष नाही. ती खरूज असू शकते. खरूज सूक्ष्म किड्यानं होते, आणि तिचं मलम डॉक्टर देतील ते घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत लावायचं असतं. ज्याला खाज आहे त्यानंच लावलं तर पुढच्या महिन्यात बाकीचे त्याला परत देतात.

खरजेवरून केनेथ मेलनबी आठवतो. हा इंग्रज कीटकशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांना खरजेनं हैराण केलं होतं, तेव्हा यानं शेफील्डमध्ये युद्धावर जायला तत्त्वतः नकार देणारी माणसं जमवली आणि त्यांना खरजेच्या रुग्णांचे न धुतलेले आतले कपडे घालायला लावले. त्या माणसांना युद्धावर गेलो असतो तर बरं, असं एकदा तरी वाटलं असणार. निष्कर्ष असा निघाला की कपड्यांतून खरूज फारशी पसरत नाही, अंगाला अंग लागून पसरते. याच मेलनबीनं 1946 साली डासांच्या चाव्याबद्दल एक गोष्ट मांडली, आणि ती आमच्या घरात एका सुट्टीत जशीच्या तशी पाहायला मिळाली.

माझी बहीण न्यू जर्सीला असते. ती मुलाला घेऊन जूनच्या शेवटी आली. मुलगा आठ वर्षांचा. पहिल्या रात्री तो आणि माझा मुलगा एकाच खोलीत, एकाच पंख्याखाली झोपले. सकाळी माझ्या मुलाच्या अंगावर काही नाही आणि भाच्याच्या दोन्ही पायांवर, कानाच्या पाळीवर, एका पापणीवर टरारून फुगलेल्या गांधी. डोळा निम्मा मिटलेला.

"मामा, इकडचे डास खूप मोठे असतात का?"

"अरे, डास तेच. तू नवा आहेस त्यांना."

हे मी गमतीनं म्हटलं, पण ते बरोबर होतं. फक्त नवा तो नव्हता, डासाची लाळ त्याला नवी होती. डासाची मादी चावते ती सोंडेतल्या सहा बारीक सुयांनी. (मादीच चावते, यावर जे विनोद व्हायचे ते होऊन गेलेले आहेत.) तिला अंड्यांसाठी रक्तातली प्रथिनं हवी असतात, आणि आपलं रक्त गोठू नये म्हणून ती आधी लाळ सोडते. त्या परक्या लाळेवर आपलं शरीर चवताळतं, हिस्टामीन सोडतं, त्यानं जागा फुगते, लाल होते आणि खाजते. म्हणजे ती पोटभर पिऊन केव्हाच गेलेली असते, मागे जो तमाशा चालतो तो सगळा आपल्याच शरीराचा. मेलनबीचं म्हणणं असं की, सुरुवातीला शरीराला ही लाळ ओळखताच येत नाही, त्यामुळे काहीच उठत नाही. मग ओळख पटते आणि उशिरा गांधी उठते, पुढे लगेचही आणि उशिराही, मग फक्त लगेच, आणि वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर शरीर त्या लाळेकडे दुर्लक्ष करायला शिकतं. डोंबिवलीकर शेवटच्या पायरीवर पोचलेले. भाचा मधल्या पायरीवर. लहान मुलांना एकूणच जास्त सूज येते, ती याचमुळे.

हे सगळं मी समजावून सांगेपर्यंत त्याच्या अंगावर उपचार सुरू झाले होते. आजीनं आमसुलाची वाटी आणली. बहिणीनं तिकडून आणलेली ट्यूब काढली. नेनेकाका डबी घेऊन दारात उभे. सासूबाई फोनवरून म्हणाल्या, "त्याला कांदा सोसेल का?" या धामधुमीत माझ्या मुलानं भाच्याला आपली विद्या दिली: अंगठ्याचं नख गांधीवर आधी उभं दाबायचं, मग आडवं. फुली. पांढरी फुली उठते, क्षणभर बरं वाटतं, आणि ती पुसट होताच खाज परत. दुपारपर्यंत त्या पोराच्या पायांवर उत्तरपत्रिकेत चुकलेल्या प्रत्येक उत्तरावर मारतात तशा फुल्याच फुल्या झाल्या होत्या. दोघं ते मोजत बसले होते आणि दोघांनाही मजा वाटत होती.

शेवटी बालरोगतज्ज्ञ बाईंनी सेट्रिझिनचं सिरप वजनाप्रमाणे दिलं, कॅलामाइन लावायला सांगितलं आणि नखं कापायला सांगितली. नखं कापायचा सल्ला ऐकून आईचा चेहरा पडला. डॉक्टरकडे जाऊन नेलकटर घेऊन यायचं, तर फी कसली? पण खरं औषध तेच होतं. कॅलामाइन म्हणजे जस्ताची भुकटी, त्यात चिमूटभर लोहाची, म्हणून ते गुलाबी. दोन दिवस भाचा गुलाबी ठिपक्यांचा होऊन सगळ्या नातेवाइकांकडे जेवून आला, आणि प्रत्येक घरी एकेक नवा उपाय ऐकून आला.

खाजवण्याबद्दल आपली भाषा वैद्यकाच्या बरीच पुढे आहे. खाजवून खरूज काढणे असं आपण उगीच म्हणत नाही. खाजवल्यानं खरोखरची खरूज होत नाही, पण नखांखालचे जंतू फुटलेल्या कातडीतून आत जातात, जागा पिकते, पू होतो आणि मग जिथे बर्फानं भागलं असतं तिथे प्रतिजैविकं लागतात. मधुमेह असेल तर आणखी जपायला हवं. खाजवल्यावर बरं का वाटतं? नखानं होणाऱ्या बारीकशा वेदनेपुढे मेंदूला खाज काही क्षण ऐकूच येत नाही. त्या क्षणांची किंमत मोठी आहे, पण ते सुख इतकं खरं आहे की जत्रेत लाकडी हात विकत मिळतो. आमच्याकडे असा एक हात आहे. तो कायम टीव्हीसमोरच्या खुर्चीवर असतो आणि त्यावरून भांडणं होतात.

शिवाय खाज ही बघूनही लागते. जर्मनीत काही त्वचारोगतज्ज्ञांनी खाज या विषयावर लोकांसाठी व्याख्यान ठेवलं. आधी पिसवा, किडे, खाजवून लाल झालेली कातडी यांची चित्रं दाखवली, मग मऊमऊ बाळांची. श्रोत्यांवर कॅमेरे लावलेले होते. पहिल्या भागात मंडळी मनसोक्त खाजवत होती, दुसऱ्या भागात थांबली. 2000 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तुम्ही हा लेख वाचायला घेतल्यापासून मान, दंड किंवा पोटरी खाजवली असेल तर ते तुमच्या सोसायटीतल्या डासांचं काम असेलच असं नाही.

आता मेडिकलच्या दुकानाकडे वळू. तिथे गेलं की विचारतात, "छोटी ट्यूब देऊ की मोठी?" निदान काउंटरवरच झालेलं असतं. त्या ट्यूबमध्ये बऱ्याचदा स्टेरॉइड, बुरशीवरचं औषध आणि प्रतिजैविक, तिन्ही एकत्र असतात. म्हणजे काहीही असलं तरी यातलं एक तरी लागू पडेल असा हिशेब. लावल्याबरोबर खाज थांबते आणि माणूस दुकानदाराचा जन्माचा ऋणी होतो. पण ती गांधी नसून नायटा असेल तर स्टेरॉइडनं तो वरून निवतो, आतून पसरतो आणि नंतर हटता हटत नाही. कातडी पातळ होते ती वेगळीच. 2018 साली केंद्र सरकारनं अशी 14 स्टेरॉइड मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा यादीत घातली. यादी कागदावर आहे आणि ट्यूब काउंटरवर. फार सूज असेल तर सौम्य स्टेरॉइड मलम डॉक्टर स्वतःच थोडे दिवसांसाठी देतात, त्याला हरकत नाही. हरकत मोठ्या ट्यूबला आहे. गोळ्यांमध्ये जुन्या ॲव्हिलचे भक्त अजून पुष्कळ आहेत. ती घेतली की अशी गुंगी येते की खाज गेली, की माणूस झोपल्यामुळे ती कळली नाही, याचा निकाल लागत नाही. नव्या सेट्रिझिनसारख्या गोळ्यांनी गुंगी कमी येते, पण येते, तेव्हा ती घेऊन गाडी चालवू नये.

दोन गोष्टी इथे विनोद बाजूला ठेवून सांगतो. पावसाळ्यात ट्यूबलाइटभोवती काळ्या-केशरी पट्ट्यांचा मुंगीएवढा बारीक किडा येतो. तो चावत नाही. तो मानेवर बसला की आपण सवयीनं चिरडतो, आणि त्याच्या अंगातला रस कातडी जाळतो. दुसऱ्या दिवशी चाबकाचा वळ उठावा तशी लाल रेघ आणि फोड. फुंकर मारून उडवा, जागा साबणानं धुवा. दुसरं मधमाशीचं. गडावर आग्या मोहोळ उठलं की आधी तिथून पळायचं, उपाय नंतर. मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि त्यातून विष आत जात राहतं. तो नखानं, कार्डानं, कशानंही, पण ताबडतोब काढा. लोखंड घासायची परंपरा आहे. ते शोधण्यात जो वेळ जातो त्यात काटा काढून होतो. आणि कुठल्याही चाव्यानंतर ओठ, चेहरा, जीभ सुजू लागली, श्वास लागला, घेरी आली, अंगभर गांधी उठून उलटी झाली, तर आमसूल-कांदा-डबी सगळं सोडून 108 ला फोन करा. त्या वेळी ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन लागतं, आणि ते नेनेकाकांकडे नसतं.

चावण्याआधीच्या उपायांत मात्र माणसाची प्रतिभा फुलते. गावाकडे गोठ्यात गोवरीवर कडुनिंबाचा पाला टाकून धूर करतात. त्यानं डास थोडे हलतात, म्हशी मात्र शांतपणे रवंथ करतात आणि करणारा खोकत बाहेर येतो. शहरात ती जागा कासव छापनं घेतली. या वेटोळ्याचं श्रेय एका जपानी बाईंना आहे. एइचिरो उएयामा शेवंतीच्या कुळातल्या एका फुलाच्या भुकटीपासून डासांसाठी उदबत्त्या करायचे. त्या सरळ कांड्या चाळीसेक मिनिटांत संपायच्या. त्यांच्या पत्नी युकी यांनी 1895 च्या सुमारास सुचवलं की कांडी लांब करून गुंडाळा. 1902 पासून वेटोळी बाजारात आली आणि रात्रभर जळू लागली. कल्पना सुंदर, पण बंद खोलीत ती लावून झोपू नये. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एका कॉइलच्या धुरात सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके असतात. जन्मात सिगारेटला हात न लावलेली आमची आत्या दर रात्री उशाशी वेटोळं लावायची आणि शेजारच्या विडी ओढणाऱ्या काकांना नावं ठेवायची.

मग चिनी बॅट आली. नेनेकाकांनी तरुणपणी कुठलाही खेळ खेळलेला नाही. पण संध्याकाळी सात वाजता, बनियन आणि लेंग्यात, बॅट चार्ज करून ते गॅलरीत उभे राहिले की त्यांचा बॅकहॅंड बघण्यासारखा असतो. तड् आवाज आला की ते आत बघून सांगतात, "गेला!" काकू आतून विचारतात, "कितवा?" बॅटनं दिसणारा डास मरतो. चावणारा बहुधा दिसत नसतो.

बाजारात आणखी बरंच काही आहे. ऐकू न येणारा आवाज काढून डास पळवणारं यंत्र आहे, त्याचे मोबाइल ॲपही निघाले. 2007 साली या यंत्रांवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा डास त्याला अजिबात भीक घालत नाहीत असं दिसलं. मनगटात घालायच्या वासाच्या पट्ट्या आहेत. 2002 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अशा उपायांची परीक्षाच छापून आली: माणसं पिंजऱ्यात हात घालून बसली आणि पहिला डास किती वेळानं चावतो ते मोजलं. 24 टक्क्यांच्या आसपास डीट असलेल्या औषधानं सरासरी पाच तास राखण केली, गवती चहाच्या कुळातल्या सिट्रोनेलाच्या तेलानं वीस मिनिटंही नाही, आणि मनगटी पट्टीनं काहीच नाही. डीट हे अमेरिकी सैन्यानं 1946 मध्ये काढलेलं औषध. आपल्याकडे ओडोमॉससारखी मलमं मिळतात, ती पुरेशी आणि उघड्या अंगावर सगळीकडे लावली तर काम करतात. आपण ती कपाळाला गंध लावावं तेवढी लावतो. दोन महिन्यांखालच्या बाळाला यातलं काही लावू नये, त्याला मच्छरदाणीच बरी.

सगळ्यांत साधा उपाय पंखा. डास उडण्यात कच्चा असतो, वाऱ्यात त्याला धड उतरता येत नाही. शिवाय तो आपल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड हुंगत येतो, तोही पंखा पांगवतो. म्हणूनच वीज गेली की पहिला फोन महावितरणला आणि पहिला चावा घोट्याला.

"तुझं रक्त गोड आहे, म्हणून तुलाच चावतात," असं प्रत्येक घरात एकाला तरी सांगितलेलं असतं, आणि त्यालाही ते आतून आवडतं. 2022 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी माणसांच्या हातांवर नायलॉनचे मोजे चढवले आणि ते डासांपुढे ठेवले. काही जणांच्या मोज्यांवर डास तुटून पडले, काहींच्या मोज्यांकडे ढुंकूनही बघेनात. फरक त्वचेवरच्या आम्लांच्या वासाचा होता. रक्ताच्या गोडीचा नव्हे. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वास येतो तुम्हाला, एवढंच ना?"

इतकं सगळं झाल्यावर मूळ मुद्द्यावर यायला हरकत नाही, आणि तो आमच्या सोसायटीच्या सभेत निघाला. विषय: डासांचा प्रादुर्भाव. पहिल्या अर्ध्या तासात नाला, बिल्डर, शेजारची सोसायटी, महापालिका आणि हवामानबदल यांच्यावर ठपका ठेवून झाला. मग धुराची गाडी बोलवायचा ठराव झाला. धुराची गाडी सगळ्यांना आवडते. ती दिसते, आवाज करते, पोरं मागे धावतात, आणि काहीतरी झालं असं वाटतं. पण धुरानं उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाहीत. आठवड्यानं नवी पिढी हजर.

दुसऱ्या दिवशी महापालिकेची आरोग्यसेविका टॉर्च घेऊन आली. निम्म्या घरांनी "आमच्याकडे नाहीत" म्हणून दार लावून घेतलं. ज्यांनी उघडलं त्यांच्याकडे तिनं न बोलता दाखवलं: मनीप्लँटची बाटली, फ्रिजमागचा ट्रे, गच्चीवरचा टायर, नेनेकाकांच्या तुळशीखालची प्लास्टिकची ताटली. त्या ताटलीत टॉर्चच्या उजेडात अळ्या वळवळत होत्या. काका बॅट हातात घेऊन बघत राहिले. डेंग्यूचा एडिस डास घाण नाल्यात सहसा वाढत नाही, त्याला असलंच स्वच्छ साठलेलं पाणी आवडतं, आणि तो फार लांब उडत नाही, साधारण चारशे मीटरच्या आतच फिरतो. म्हणजे ज्याला आपण नाल्याचा समजून शिव्या देत होतो तो गॅलरीतलाच होता. जाताना बाई म्हणाल्या, "आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा." हे ऐकून दोन सभासदांचे चेहरे उतरले. नीट समजल्यावर पुन्हा फुलले. गच्चीच्या उघड्या टाकीत सोडायला बाईंनी गप्पी मासेही दिले. सोसायटीतल्या मुलांनी त्यांना नावं ठेवली असून त्यातल्या एकाचं नाव सेक्रेटरींचं आहे.

अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याचा हिशेब. तेव्हा आमसूल लावा, कैलास जीवन लावा, हवं तर कांदाही चोळा, तुमच्या घरचा वाद तुम्ही मिटवा. पण अंक खाली ठेवलात की आधी उठून कुंडीखालची ताटली ओता आणि तिच्या कडा ब्रशनं घासून काढा. एडिसची अंडी कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकतात. नुसतं पाणी ओतून भागत नाही.